काकडी मऊ का पडली, आणि बरणी वर्षभर टिकवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. छोट्या काकड्या व्हिनेगरच्या पाण्यात घालून बरण्या भरल्या. फार आंबट नको म्हणून एक वाटी व्हिनेगरला तीन वाट्या पाणी घेतलं. ते उकळतं पाणी ओतून लगेच झाकणं लावली आणि बरण्या उलट्या करून ठेवल्या. झाकणं छान आत ओढली गेली. तीन आठवड्यांनी बघता तर पाणी गढूळ आणि काकड्या लिबलिबीत. झाकण इतकं घट्ट असताना माल बिघडला कसा, आणि फ्रिजबाहेर वर्षभर राहील अशी कुरकुरीत काकडी करायची कशी?

आधी त्या बरण्यांचा निकाल लावू. त्या टाकायच्या. चाखून बघू नका, जिभेच्या टोकावरही नाही. झाकण न उघडता पिशवीत घट्ट बांधा आणि कुत्र्या-मांजरांना उकरता येणार नाही अशा जागी टाका. आत विष झालंच असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक नुसते आंबवणारे जंतू आणि यीस्ट वाढले असतील. पण बघून किंवा हुंगून ते ओळखता येत नाही, आणि चार बरण्या काकडीपायी असा जुगार खेळण्यात अर्थ नाही.

आता झाकणाचं. झाकण घट्ट बसलं म्हणजे माल सुरक्षित, ही समजूत फार जुनी आहे. फ्रान्समध्ये निकोला आपेर यांनी बाटलीत अन्न भरून, बूच ठोकून, उकळत्या पाण्यात ठेवायची रीत 1810 मध्ये छापली. रीत चालत होती, पण का चालते ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. लुई पाश्चर यांचं जंतूंवरचं काम 1860 च्या दशकातलं. मधली पन्नास वर्षं सगळा दोष हवेच्या माथी मारला जायचा: हवा बाहेर काढली की माल टिकतो. आपल्या डोक्यातून ते अजून गेलेलं नाही. खरं तर सगळ्यांत घातक जंतू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, हवा नसलेल्या जागेतच फोफावतो. त्याचे बीजाणू मातीत असतात, तिथून काकडीच्या सालीवर येतात आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांच्या विषाला ना वास, ना चव, ना रंग. घट्ट झाकण लावून आपण त्यांना हवी तशी खोलीच तयार करून देतो.

त्यांना अडवतो तो आंबटपणा. पीएच 4.6 किंवा त्याहून खाली असेल तर हे बीजाणू रुजत नाहीत. आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. नुसती काकडी या रेषेच्या वर असते, तिला खाली ओढायचं काम व्हिनेगरचं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: टिकाऊपणा आम्लातून येतो आणि कुरकुरीतपणा काकडीतून. उकळण्यातून यातलं काहीच नव्याने मिळत नाही. उकळण्याने आहे ते राखलं जातं, आणि त्याची किंमत म्हणून थोडा कुरकुरीतपणा जातो.

तुमचं एकास तीन कुठे चुकलं ते हिशेबाने बघा. एक लिटरच्या बरणीत दाटीने भरल्या तर साधारण 600 ग्रॅम काकड्या बसतात आणि वर 400 मिलिलिटर पाणी मावतं. 5 टक्क्यांचं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेतलं तर त्या 400 मिलिलिटरमध्ये 10 ग्रॅम आम्ल असतं. पण ते बाहेरच राहत नाही. काकडी म्हणजे सुमारे 95 टक्के पाणी. पुढच्या काही दिवसांत काकडीतलं पाणी बाहेर येतं, बाहेरचं आम्ल आत शिरतं आणि शेवटी बरणीत सगळीकडे सारखं होतं. म्हणजे 10 ग्रॅम आम्ल एक किलोच्या ऐवजात पसरलं, 1 टक्का. तुमच्या बरणीत मुळात 5 ग्रॅमच होतं, म्हणजे अर्धा टक्का. व्हिनेगर 4 टक्क्यांचं असेल तर त्याहूनही कमी. पाणी ओतताना चाखलं तेव्हा ते आंबट लागलं असणार, पण ती चव पहिल्या दिवसाची होती.

म्हणून व्हिनेगर 5 टक्के आम्लतेचंच घ्या, बाटलीवर तसं छापलेलं असतं. पाणी त्याच्या बरोबरीने, त्याहून जास्त नाही. घरी केलेलं व्हिनेगर इथे चालत नाही, कारण त्याची आम्लता कोणी मोजलेली नसते. लिंबाच्या रसाचा हिशेब वेगळा, तो अंदाजाने बदली घालू नका. पांढऱ्या व्हिनेगरने पाणी स्वच्छ राहतं, सफरचंदाच्या व्हिनेगरने काकडी जरा काळपट होते पण चव गोलाईची येते. आंबट सोसत नसेल तर व्हिनेगर कमी करू नका, साखर वाढवा. साखरेने आम्ल घटत नाही, जीभ तेवढी फसते.

आता काकडी. लोक मसाल्यावर तासभर बोलतात आणि काकडी मिळेल ती घेतात. माझ्या मते नव्वद टक्के मऊ काकड्या बरणीत नाही, बरणीच्या बाहेरच मऊ झालेल्या असतात. लोणच्याच्या काकडीच्या वेगळ्या जाती असतात: आखूड, अंगावर गाठी, साल पातळ, आतल्या बिया बारीक. कोशिंबिरीच्या लांब काकडीत पाण्याचा आणि बियांचा भाग मोठा, तो आधी बसतो. बोटाएवढी ते साधारण 10 सेंटिमीटरपर्यंतची काकडी अख्खी घालावी, त्याहून मोठी असेल तर चिरून. पिवळी पडलेली नको. चकचकीत मेण लावलेली तर मुळीच नको, मेणातून खारं पाणी आत जातच नाही.

तोडल्यापासून 24 तासांच्या आत व्हिनेगरच्या पाण्यात पडली पाहिजे. तोडलेली काकडी श्वास घेतच असते, आतलं पाणी आणि साखर खर्च करत असते, आणि मध्ये पोकळ होत जाते. धुताना लक्ष ठेवा: ज्या पाण्यावर तरंगतात त्या बहुतेक आतून पोकळ असतात. त्या बाजूला काढून चकत्या करा. अख्ख्या भरल्यात तर दातांखाली फुग्यासारख्या फुटतील.

आणि आता ती एक गोष्ट, जी सांगितली की लोक मान हलवतात आणि करत नाहीत. काकडीला दोन टोकं असतात. एक देठाचं, जिथे तुटल्याचा गोल व्रण दिसतो. दुसरं फुलाचं, जिथे बारीकसा खरखरीत ठिपका असतो, कधी वाळलेलं फूलही चिकटलेलं असतं. या फुलाच्या टोकाशी असे एन्झाइम असतात जे काकडीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन हळूहळू विरघळवतात. सुरीने तिथली दीड-दोन मिलिमीटरची चकती उडवली की काम झालं. टोक ओळखू आलं नाही तर दोन्हीकडचं कापा. मी एकदा हट्टाने एकाच घाण्यातल्या निम्म्या काकड्यांची टोकं कापली, निम्म्यांची ठेवली आणि वेगवेगळ्या बरण्यांत भरल्या. दीड महिन्याने कापलेलीचा तुकडा मोडताना आवाज आला. दुसरी बोटांनी दाबली तर फुलाकडून आत गेली, देठाकडे मात्र बऱ्यापैकी टणक होती. तेव्हापासून हा विषय माझ्यापुरता संपला.

कापलेल्या काकड्या भरण्याआधी चार-पाच तास बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ वितळला की आणखी घाला, पाणी सतत गार राहिलं पाहिजे. काकडी पाणी पिऊन फुगते, ताठ होते आणि पुढचा उकळण्याचा मार थोडा जास्त सोसते.

कुरकुरीतपणासाठी चुना, तुरटी, द्राक्षाची पानं, काय काय घालायला सांगतात. द्राक्षाच्या पानातलं टॅनिन त्याच एन्झाइमांना आवर घालतं, पण टोक कापलं असेल तर आवर घालायला फारसं काही उरतच नाही. तुरटी व्हिनेगरच्या झटपट काकडीत काही करत नाही, सोडून द्या. चुन्याने मात्र काकडी खरोखर कडक होते. त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट बांधतं. पण चुना आम्लाचा वैरी आहे. काकडीत अडकून राहिलेला चुना बरणीतलं आम्ल मारतो, म्हणजे ज्याच्या जिवावर सगळं चाललंय तेच खातो. वापरायचाच असेल तर अन्नासाठीचाच घ्यावा, चुन्याच्या निवळीतून काढलेल्या काकड्या धुवाव्यात, ताज्या पाण्यात तासभर भिजत ठेवाव्यात, आणि हे धुणं-भिजवणं असं तीनदा करावं. मी दोन वर्षं केलं आणि कंटाळून सोडलं. त्यापेक्षा अन्नात वापरायचं कॅल्शियम क्लोराइड बरं. कॅल्शियम तेच, पण आम्ल मारत नाही. पुडीवर लिहिलंय तेवढंच, प्रत्येक बरणीत चिमूटभर.

मिठाबद्दल थोडंच. मीठ गाठी न धरणारं करण्यासाठी त्यात जे मिसळतात ते पाण्यात विरघळत नाही आणि तळाशी पांढरं बसतं. आयोडीनने रंग बिघडू शकतो. म्हणून निव्वळ मीठ घ्या आणि वजनाने मोजा. जाड मिठाची वाटी आणि बारीक मिठाची वाटी यांत बराच फरक पडतो. पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरे डाग धरणारं, तर 15 मिनिटं उकळून दिवसभर निवू द्या आणि खालचा गाळ न ढवळता वरचं घ्या. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा धड मुलामा असलेलं. तांबं, पितळ, लोखंड, जस्ताचा मुलामा, यांतलं काही आम्लाजवळ नको.

प्रमाण असं. दोन किलो काकड्यांना 1 लिटर व्हिनेगर, 1 लिटर पाणी, 85 ग्रॅम मीठ आणि हवी असेल तर 50 ग्रॅम साखर. यात अर्ध्या लिटरच्या सहा-सात बरण्या होतात. पाणी थोडं उरतं, उरू द्या. कमी पडलं म्हणून ऐन वेळी साधं पाणी वाढवण्यापेक्षा ते परवडलं. प्रत्येक बरणीत शेपूची फुलोऱ्यासकट एक-दोन काडी, नसेल तर शेपूचं बी, एक चमचा मोहरी, पाच-सहा मिरे, सोललेली लसणाची एखादी पाकळी, वाटल्यास सुकी मिरची. मसाला अख्खाच, पूड घातली की पाणी गढूळ होतं आणि मग गढूळपणा मसाल्याचा की बिघाडाचा ते कळायला मार्ग राहत नाही. मसाले मनाप्रमाणे बदला, त्याने बिघडत नाही. लसूण, कांदा यांसारख्या भाज्या मात्र मूठमूठ वाढवू नका, त्यांनाही आम्ल लागतंच. तेल तर थेंबभरही नको. तेलाचा थर भाजीच्या तुकड्यावर बसला की तिथे आम्ल पोचत नाही.

आता बरणी भरणं. इथे उरक लागतो, म्हणून सगळं आधी मांडून ठेवा. बरण्या या कामासाठीच्या जाड काचेच्या, झाकण दोन भागांचं: एक चपटी चकती, तिच्या कडेला रबरासारखा लेप, आणि वरून फिरवायची कडी. कडी पुन्हा वापरा, चकती दर वेळी नवी. आटे असलेल्या बरणीचं पेटंट जॉन मेसन यांनी 1858 मध्ये घेतलं, आणि काठाचा आकार थोड्याफार फरकाने आजही तोच आहे. काठावर नखाएवढा टवका उडालेला असेल तर ती बरणी डाळ-साखरेला ठेवा.

खोल पातेल्याच्या तळाशी जाळी ठेवा, निदान जाड कापडाची घडी. त्यात बरण्या गरम पाण्यात गरम राहू द्या. सुरुवातीच्या काळात मी जाळी न ठेवता बरण्या थेट पातेल्यात उभ्या केल्या होत्या. पाण्यातून मंद असा ‘टिक्’ आवाज आला, बरणी उचलली तर वरचा भाग हातात आला आणि तळ, रुपयासारखा गोल, सरळ कापलेला, पातेल्यातच राहिला. काकड्या पाण्यात पोहत होत्या. थंड काच आणि उकळतं पाणी, किंवा गरम काच आणि गार ओटा, यांची गाठ पडू द्यायची नाही.

गरम बरणीत तळाशी मसाला, मग काकड्या उभ्या, दाटीने पण चेपून नाही. वरून उकळतं व्हिनेगरचं पाणी, काकड्या पूर्ण बुडतील इतकं, आणि काठापासून सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी. ही मोकळी जागा मनाची नाही. कमी ठेवली तर उकळताना पाणी उसळून लेपाखाली येतं आणि झाकण बसत नाही, जास्त ठेवली तर हवा पुरती बाहेर जात नाही. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवून बुडबुडे काढा, पाणी खाली गेलं तर पुन्हा भरा. काठ ओल्या स्वच्छ कापडाने पुसा. मिठाचा एक खडा किंवा शेपूचं एक पान तिथे राहिलं तरी पुरतं. चकती ठेवा, कडी फिरवा आणि बोटांच्या जोराला अडली की थांबा. मूठ आवळून फिरवू नका. उकळताना आतली हवा कडीखालून निसटायची असते, तिला वाट हवी.

बरण्यांवर अडीच सेंटिमीटर पाणी राहील असं बघून पातेलं झाका. पाणी धडधडून उकळायला लागलं की तिथपासून वेळ मोजा, बरणी आत ठेवल्यापासून नाही. समुद्रसपाटीपासून 300 मीटर उंचीपर्यंत अर्ध्या लिटरच्या बरणीला 10 मिनिटं, एक लिटरच्या बरणीला 15. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून 300 ते 1800 मीटरला 15 आणि 20, त्याहून वर 20 आणि 25. हे आकडे माझे नव्हेत, अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच ताज्या भरलेल्या काकडीसाठी तपासून दिलेले आहेत. ते मनाने कमी करू नयेत. वाढवायचेही नाहीत, नाहीतर कुरकुरीतपणा जाईल; आणखी थोडी उकळली तर जास्त टिकेल हा हिशेब आम्लाच्या लोणच्याला लागू नाही.

उलटी करून ठेवण्याच्या रीतीत हेच गाळलं जातं. उलट्या बरणीत गरम पाणी झाकणाला लागतं, थंड होताना आत ओढ बसते, झाकण बसल्यासारखं दिसतं. पण काकडीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचलेली नसते. यीस्ट, बुरशी, आंबवणारे जंतू जिवंत राहतात आणि अर्धा टक्का आम्लात त्यांचं मजेत चालतं. तुमच्या बरणीतला गढूळपणा त्यांचाच असावा.

थर्मामीटर असेल आणि धीर असेल तर आणखी एक वाट आहे. पाणी उकळू न देता 82 ते 85 अंश सेल्सिअसवर पूर्ण 30 मिनिटं धरायचं. काकडी लक्षणीय कडक राहते, कारण त्याहून वरच्या तापमानाला पेक्टिन सैल होऊ लागतं. पण तीस मिनिटांत एकदाही 82 च्या खाली जाता कामा नये, म्हणजे तीस मिनिटं गॅसपाशी उभं राहणं आलं. फोन आला तर घ्यायचा नाही. मिठाचं प्रमाण कमी केलेल्या लोणच्याला ही वाट वर्ज्य.

वेळ झाली की गॅस बंद, पाच मिनिटं तशीच, मग बरण्या सरळ उचलून कापडावर, एकमेकींना न चिकटवता, वाऱ्यापासून दूर. थोड्या वेळाने झाकणं एकेक करून ‘टक्’ वाजतात. हा आवाज मला अजूनही आवडतो, दुसऱ्या खोलीतून मोजत बसते. 12 ते 24 तास हात लावायचा नाही, कडी पुन्हा आवळायची तर नाहीच. दुसऱ्या दिवशी चकतीच्या मध्यावर बोट दाबा: हलली नाही, वर-खाली झाली नाही, तर बसली. कडी काढून बरणी पुसा, तारीख लिहा आणि अंधाऱ्या, कोरड्या, थंड जागी ठेवा. चार-पाच आठवडे उघडू नका. आधी उघडाल तर वरून आंबट आणि आतून कच्ची लागेल, आणि मला दोष द्याल. वर्षभरात संपवावी, उघडल्यावर फ्रिजमध्ये.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या जातीची काकडीही सांगते, कारण चव म्हणाल तर माझा कल तिकडेच आहे. ती व्हिनेगरची नव्हे, खारात आंबवलेली. इथे आम्ल आपण ओतत नाही, काकडीवरचेच लॅक्टिक आम्ल करणारे जंतू तयार करतात. मिठाचं काम त्यांना वेळ मिळवून देण्याचं. एक लिटर पाण्याला 75 ग्रॅम मीठ आणि 30 मिलिलिटर व्हिनेगर, त्यात साधारण 900 ग्रॅम काकड्या. चाखलं तर खार भयंकर वाटेल, पण वरचाच हिशेब: काकडीतलं पाणी मिसळलं की तो निम्म्यावर येतो. हे मीठ कमी करू नका. व्हिनेगरच्या काकडीत मीठ मुख्यतः चवीला असतं, इथे तेच पहारेकरी आहे.

सगळं पाण्याखाली राहिलं पाहिजे. वर ताटली आणि त्यावर वजन. मी वजनाला खाऱ्याच पाण्याने भरलेली पिशवी ठेवते, म्हणजे फुटली तरी खार पातळ होत नाही. 21 ते 24 अंशांना तीन-चार आठवडे लागतात, 13 ते 18 ला पाच-सहा. 27 च्या वर गेलं की काकडी मऊ पडते, तेव्हा उकाड्यात हा उद्योग करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू होतात, पाणी दुधाळ होतं. इथला गढूळपणा चांगला! वर पांढरी साय धरली तर रोज काढून टाका, ती राहू दिली तर आम्ल खाऊन टाकते. हिरवा रंग ऑलिव्हकडे झुकतो, कारण आम्लात हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं. झाली की नाही ते बघायला एक मधोमध कापा. गर कडेकडून काचेसारखा अर्धपारदर्शक होत जातो. मध्ये पांढरा ठिपका उरला असेल तर अजून आठवडा. वास स्वच्छ आंबट हवा. बुळबुळीत लागली, घाण वास आला किंवा गुलाबी झाक दिसली तर सगळा घाणा टाकायचा, धुऊन वाचवायचा नाही.

झाल्यावर फ्रिजमध्ये चार ते सहा महिने छान राहते. बाहेर ठेवायची तर खार गाळून उकळा, पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा, काकड्या बरणीत भरून तो गरम खार ओता आणि वर सांगितल्या तेवढ्याच वेळा उकळत्या पाण्यात ठेवा. त्यात ते जिवंत जंतू मरतात. ज्यांना तेच हवे आहेत त्यांनी फ्रिजवरच भागवावं.

काही किरकोळ शंका, ज्या बरणी हातात घेतल्यावर येतातच. लसूण निळी किंवा हिरवी झाली: घाबरू नका, तिच्यातल्या गंधकाच्या संयुगांचा आम्लात असा रंग होतो, खायला हरकत नाही. काकड्या सुरकुतल्या: पहिल्याच दिवशी व्हिनेगर, मीठ किंवा साखर फार कडक झाली, पाणी झपकन बाहेर ओढलं गेलं. कडू लागली: ती मुळातच कडू होती, मुरून कडूपणा जात नाही, म्हणून शंका असेल तर देठाकडची चकती चाखून मगच घ्या. आंबवलेल्या काकडीच्या बरणीत तळाशी पांढरा थर, पण काकडी टणक आणि वास चांगला: ते मेलेले जंतू, खा. मात्र व्हिनेगरच्या बरणीत झाकण फुगलं, उघडताना फेस उसळला किंवा झाकण बोटाने सहज निघालं, तर त्यापुढे तपास नको, टाका.

आणि दुसऱ्या दिवशी एखादं झाकण बसलंच नाही तर? पाच-सहात एखादं तसं निघतं. 24 तासांच्या आत नवी चकती लावून पुन्हा तेवढ्याच वेळ उकळता येतं, पण दोनदा उकळलेली काकडी कशी लागते ते एकदा खाऊन पाहिलं की पुन्हा करावंसं वाटत नाही. मी ती बरणी सरळ फ्रिजमध्ये ढकलते आणि मुरायची वाट बघणाऱ्या घरच्या लोकांना आठवडाभराने तीच काढून देते.